घेणाऱ्याचा दलाल

मावशींनी चहाचा कप बशीत ठेवला आणि आज जरा उकडतंय असं म्हणावं तितक्या सहज सांगितलं, "मी दलाल नेमलाय. समुद्राकाठी घर घ्यायला."

मुलाचा टोस्ट चहात बुडाला तो वर आलाच नाही.

मुलगा विमा कंपनीत होता. बावीस वर्षं लोकांच्या नुकसानीचे अर्ज तपासून त्याला जिकडेतिकडे नुकसानच दिसायचं. जिना दिसला की त्याच्या मनात पाय घसरायचा, पंखा दिसला की तो डोक्यात पडायचा.

"आई, तिथे लोखंड गंजतं. भिंतींना ओल येते. तुझे गुडघे आधीच कुरकुरतात."

"गुडघे इथेही कुरकुरतात. तिथे लाटांच्या आवाजात ऐकू तरी येणार नाहीत."

"आणि दलाल म्हणजे विकणाऱ्याचा माणूस. गिऱ्हाइकाला कापायलाच बसलेला."

"हा घेणाऱ्याचा आहे. फी माझ्याकडून घेणार आणि माझ्या बाजूने भांडणार."

"चला," सून टोस्टला लोणी लावत म्हणाली, "आईंच्या बाजूने भांडणारं कुणीतरी मिळालं."

मुलाने बायकोकडे पाहिलं. बायकोने लोण्याकडे.

मावशी सगळ्यांच्याच मावशी होत्या. नवरा लवकर गेला आणि शाळेचे गणवेश शिवता शिवता एकोणचाळीस वर्षं गेली. मशीन मागच्या खोलीत भिंतीला लावलेलं. मान वर केली की भिंत, खाली घातली की निळी चड्डी. बासष्टाव्या वर्षी त्यांनी मशीन विकलं, आयुष्यभराची शिल्लक एकत्र केली आणि ठरवलं, की आता मान वर केली की समोर पाणी दिसलं पाहिजे. मुलाने पंधरा दिवस समजावलं. मावशी पंधरा दिवस ऐकत होत्या, आणि सोळाव्या दिवशी दलालाकडे गेल्या.

दलाल पन्नाशीचा, सडपातळ आणि हळू बोलणारा होता. त्याने एकच अट घातली.

"मावशी, घर आवडलं तर तोंडावर दिसू द्यायचं नाही. मालकाला कळलं की भाव चढलाच म्हणून समजा. तो काहीही म्हणाला तरी तुम्ही फक्त 'बघू' म्हणायचं."

घर उपनगराच्या अगदी टोकाला होतं. बस तिथून पुढे जातच नसे, कारण पुढे रस्ताच नव्हता. तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या. मालक फेरीबोट चालवून निवृत्त झालेले, सगळे त्यांना कप्तान म्हणत. जिने झेपेनात म्हणून ते बहिणीकडे राहायला चालले होते. त्यांनी खिडकी उघडली आणि या कडेपासून त्या कडेपर्यंत नुसतं पाणी दिसलं. मावशींना हसू आवरेना, म्हणून त्यांनी तोंडाला रुमाल लावला.

"भरती चढताना इथून दिसते," कप्तान अभिमानाने म्हणाले.

"बघू," मावशी रुमालातून म्हणाल्या.

"सकाळी बोटी जातात एकामागून एक."

"बघू."

"स्वयंपाकघरातूनसुद्धा समुद्र दिसतो."

मावशींना आता सोंगाची गोडी लागली होती. "जरा जास्तच दिसतो," त्या म्हणाल्या. "आणि वासही येतो."

कप्तानांनी खिडकी लावून घेतली.

जिना उतरताना दलाल म्हणाला, "'बघू'वर थांबायचं ठरलं होतं आपलं."

"एवढंच बोलायची सवय नाही हो तोंडाला."

दलालाने मावशींचा आकडा कप्तानांना कळवला. कप्तान 'विचार करतो' म्हणाले. मावशींनी तो आकडा आणि घराचा पत्ता कागदावर लिहून फ्रिजच्या दाराला लावला. येता-जाता वाचायला बरं वाटायचं.

तीन दिवसांनी दलालाचा फोन आला. "दुसरं गिऱ्हाईक आलंय. आपल्यापेक्षा लाखभर जास्त देतंय."

"आपण दीड वाढवा."

दीड वाढवले. दुपारी समोरून अडीच झाले. मावशींनी कानातल्या कुड्या चाचपून पाहिल्या आणि तीन सांगितले. समोरून चार आले.

दलाल चक्रावला. "वीस वर्षं धंद्यात आहे, पण असा माणूस पाहिला नाही. घर बघायलासुद्धा आला नाही. सगळं फोनवर, आणि तेही दुपारी एक ते दोनमध्येच."

घरी मुलगा मात्र खुशीत होता. दोनदा शीळ घालताना सापडला. "सोड ना आई," तो मायेने म्हणाला. "नसेल नशिबात. तुझी खोली रंगवून घेऊ. समुद्रासारखा निळा देऊ."

"निळ्या रंगाचं नाव काढू नकोस," मावशी म्हणाल्या.

शनिवारी बातमी आली, की कप्तानांनी दुसऱ्या माणसाकडून विसार घेतला, करारावर सह्याही झाल्या. दलाल म्हणाला, "आता काही करू नका. मी दुसरं घर बघतो. तिकडे तर मुळीच जाऊ नका."

मावशींनी फोन ठेवला, चपला घातल्या आणि तिकडे गेल्या.

कप्तानांनी दार अर्धंच उघडलं. मावशींना तीन जिन्यांनी धाप लागली होती. तरी उंबऱ्यावरूनच त्या म्हणाल्या, "त्या दिवशी मी खोटं बोलले. घर मला फार आवडलं होतं. वासही आवडला. घर द्या असं म्हणायला आले नाही, पण तुमच्या समुद्राला नावं ठेवली ते मनाला लागून राहिलं, म्हणून आले."

कप्तानांनी दार पूर्ण उघडलं. "बाई, हे तेव्हाच बोलल्या असतात तर तुमच्या पहिल्या आकड्यालाच दिलं असतं. त्या माणसाने तर विसार घ्यायला मला त्याच्या ऑफिसात बोलावलं. समुद्राबद्दल एक शब्द विचारला नाही. फक्त विचारलं, इमारतीला आगीचा धोका किती."

मावशींनी मान वर केली. "तो कागद जरा दाखवता?"

सही त्यांच्या ओळखीची होती. ती सही त्यांनी दर महिन्याला वीजबिलाच्या चेकवर पाहिली होती.

संध्याकाळी त्या घरी आल्या तेव्हा मागोमाग त्यांनी बोलावलेला दलालही आला. मावशींनी कराराची प्रत टेबलावर, मुलाच्या पुढ्यात ठेवली. मुलाने ती पाहिली आणि छताच्या पंख्याकडे नजर लावली.

"तुझ्या भल्यासाठीच, आई," तो शेवटी म्हणाला. "घर महिनाभर अडकवून ठेवणार होतो. तोवर तुझी हौस विरली असती. मग माघार घेतली असती, विसार परत, विषय संपला."

सुनेने कागद उचलला आणि खालच्या बारीक अक्षरापर्यंत वाचत गेली. "विसार परत नाही मिळत. माघार घेतली तर सगळा बुडतो, असं लिहिलंय इथे."

"कुठे?"

"तू सही केलीस त्याच्या वरच्याच ओळीत."

बावीस वर्षं बारीक अक्षरांवर बोट ठेवून लोकांचे अर्ज फेटाळणारा माणूस ती ओळ आता ओठ हलवत तीनदा वाचत होता.

"आता काय करायचं?" त्याने विचारलं. अनेक वर्षांनी त्याने आईला हा प्रश्न विचारला होता.

"आता ऐकायचं," मावशी म्हणाल्या. "मी कप्तानांशी बोलून आलेय. ते करारात माझं नाव घालायला तयार आहेत, पण किंमत ठरली तीच राहील. मी पहिल्यांदा सांगितलेला आकडा देणार, एक पैसा जास्त नाही. वरचे चार लाख तू चढवलेस, ते तू भरशील."

"आई, अगं चार लाख म्हणजे..."

"विसार त्यातच धरू," सून म्हणाली. "आईंचं बरोबर आहे."

दलाल इतका वेळ दाराशी उभा होता. तो खाकरला. "मावशी, धंद्यात मी बरंच पाहिलंय. पण माझ्या गिऱ्हाइकाच्या घराला समोरच्या गिऱ्हाइकाने पैसे घातलेले कधी पाहिले नव्हते. फी निम्मीच द्या. निम्मं काम यांनीच केलंय."

"पूर्ण घ्या," मावशी म्हणाल्या. "तुमचं ऐकलं नाही, हा काही तुमचा दोष नाही."

महिन्याभरात मावशी राहायला गेल्या. पहिल्याच रविवारी मुलगा ओल मोजायचं यंत्र घेऊन आला. भिंती तपासल्या, खिडकीचे गज तपासले, आणि गज तपासता तपासता अर्धा तास तिथेच उभा राहिला. निघताना तो दारात घुटमळला.

"आई, एक चावी माझ्याकडे ठेवू का? तू एकटी, कधी काही झालं तर..."

"दुसरी चावी दिलीय मी."

"कुणाला?"

"सुनेला. पाहिजे तर तिच्याकडे माग. देईल की नाही, ते तुमचं तुम्ही बघा."