खालचा ओठ, प्लमचा

डॉक्टरांच्या सासूबाई जावयासमोर तोंड उघडायच्या नाहीत. याचा अर्थ त्या गरीब स्वभावाच्या होत्या असा मुळीच नाही. ओठांची जेमतेम फट करून त्या हवं ते सगळं ऐकवायच्या. प्रश्न डावीकडच्या दाढेचा होता. ती दुखत होती हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं, कारण त्या उजव्याच बाजूने चावत आणि गार पाणी पिताना एक डोळा घट्ट मिटत. जावई दातांचा डॉक्टर, दवाखाना घराच्याच खालच्या मजल्यावर, पण दाढेचा विषय निघाला की त्या म्हणत, "जावयासमोर आ करून बसू? मला नाही जमायचं!"

गावभरचे लोक डॉक्टरांपुढे आ करत होते आणि घरातली एक चांगली दाढ डोळ्यांदेखत हातची चालली होती. डॉक्टरांच्या जिवाला हे फार लागलं होतं. आपल्या हातावर सासूबाईंचा विश्वास बसावा कसा, याचा विचार करता करता त्यांना आपला छंद आठवला.

छंद होता इंटार्सियाचा. वेगवेगळ्या रंगांच्या लाकडांचे तुकडे कापायचे, घासायचे आणि एकमेकांना असे भिडवायचे की चित्र तयार व्हावं. रंगाचा ब्रश लावायचा नाही. काळं हवं तर शिसव शोधायचं, तपकिरी हवं तर अक्रोड. आणि दोन तुकड्यांमध्ये फट म्हणून दिसता कामा नये. फट या गोष्टीशी डॉक्टरांचं जन्माचं वैर होतं. सासूबाईंच्या वाढदिवसाला त्यांचाच चेहरा लाकडात करून द्यायचा, असं त्यांनी ठरवलं.

जेवणाच्या टेबलावर तुकडे पसरले, तशा सासूबाई चष्मा लावून आल्या.

"हे काय?"

"तुमचं नाक, आई."

"कशाचं केलंत?"

"सागाचं."

"बरं केलंत. टिकेल. आणि या भुवया?"

"शिसवाच्या."

"केस?"

"पाइनचे."

"पाइनची खोकी करतात ना हो?"

"हे वरच्या प्रतीचं आहे, आई."

त्यांनी एकेक तुकडा उचलून, वास घेऊन पाहिला. स्वतःचा कान त्यांना विशेष आवडला. अडलं ते खालच्या ओठाशी. गुलाबी लाकूड काही मिळेना. तेवढ्यात शेजाऱ्याने प्लमचं, म्हणजे आलुबुखाराचं, झाड तोडलं. डॉक्टरांनी ओंडका पाहिला आणि त्यांना भरून आलं. गाभा गुलाबी, कडेचं लाकूड फिकट, म्हणजे ओठ आणि हनुवटी एकाच तुकड्यात, मध्ये जोडच नको!

लाकूड ओलं होतं. ओलं लाकूड महिनोन्महिने वाळवावं लागतं, हे डॉक्टर येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवत असत. पण वाढदिवस अगदी तोंडावर आला होता. त्यांनी तुकडा दवाखान्यातल्या वाफेच्या यंत्रात घातला, ज्यात रोज चिमटे आणि आरसे निर्जंतुक होत. तुकडा कढत होऊन बाहेर आला. त्यात एक जंतू जिवंत उरला नव्हता, पाणी मात्र पहिल्यापेक्षा जास्त होतं. गरम म्हणजे कोरडं असं समजून डॉक्टरांनी तो बसवला, आणि तो बसलाही असा चपखल की वाढदिवसाला सासूबाई ओठ मिटून समाधानाने हसल्या.

चित्र बैठकीत लागलं. आठवडाभराने डॉक्टरांची बायको म्हणाली, "अहो, आईचं तोंड जरा उघडं दिसतंय का?"

दिसत होतं. प्लम वाळत होता, वाळता वाळता आक्रसत होता, आणि हनुवटी खाली पक्की चिकटवलेली असल्यामुळे ओठच खाली सरकत होता. सागाचं नाक जागच्या जागी, अक्रोडाचे गाल जागच्या जागी, आणि तोंड रोज थोडं थोडं उघडत चाललेलं.

"आता काही बोलतील असं वाटतं," बायको म्हणाली.

"चूप! त्या ऐकतील."

डॉक्टरांनी फट भरली, दात भरायच्या मसाल्याने. हाताशी तोच होता. घोटून गुळगुळीतही केला. मसाला पांढरा असतो हे लांबून पाहिल्यावर त्यांच्या लक्षात आलं. चित्रातल्या सासूबाईंना पुढे एक मोठा दात आला होता.

"हा काढा आधी!" बायको ओरडली.

पण सकाळी डॉक्टर काढायला गेले तर दात जागेवर नव्हता. ओठ आणखी सरकला असणार आणि तो निखळला असणार. सोफ्याखाली, गालिच्याखाली, सगळीकडे शोधलं. मिळाला नाही.

मग डॉक्टरांनी डोकं लढवलं. लाकूड कोरड्या हवेत आक्रसतं, तर दमट हवेत फुगेल. त्यांनी चित्र न्हाणीघरात टांगलं. आणि खरंच, ओठ वर सरकू लागला! ते मोठ्या कुतूहलाने दर आंघोळीनंतर पट्टी घेऊन मोजायला जात. सासूबाई चार दिवस बहिणीकडे गेल्या होत्या, तोवर काम होईल असा त्यांचा हिशेब होता. त्या एक दिवस आधीच परतल्या आणि पाय धुवायला आत गेल्या.

"जावईबापू! मला इथे कोणी टांगलं?"

डॉक्टर पट्टीसकट धावले. मग लपवण्यासारखं काही उरलं नाही. वाफेचं यंत्र, प्लम, फट, सगळं त्यांनी खाली मान घालून सांगितलं.

"म्हणजे मला वाफ दिली की माझं तोंड बंद होतं?"

"हो, आई."

सासूबाईंनी चित्राकडे पाहिलं, जावयाकडे पाहिलं, आणि त्या हसत सुटल्या. पदर तोंडाला लावायचंही भान राहिलं नाही. इतक्या वर्षांत पहिल्यांदा ते तोंड डॉक्टरांसमोर उघडलं, आणि डॉक्टरांची नजर थेट डावीकडे गेली.

दाढ भरलेली होती. नवी कोरी, लखलखीत.

"आई, ही... ही कोणी भरली?"

सासूबाईंचं हसू थांबलं. त्यांनी पिशवीतून रुमालाची पुरचुंडी काढून उलगडली. आत डॉक्टरांचा हरवलेला दात होता.

"सकाळी पायाखाली आला. म्हटलं, यांचं फिलिंग लाकडात एक रात्र टिकत नाही, माझ्या दाढेत काय टिकणार? बहिणीच्या गावी एक डॉक्टर आहेत, त्यांच्याकडे जाऊन आले."

डॉक्टरांना वाईट वाटलं, खूपच वाटलं. पण कुतूहल त्याहून मोठं निघालं. त्यांनी खिशातला छोटा टॉर्च काढला.

"मोठा आ करा, आई."

आणि सासूबाईंनी चक्क केला. डॉक्टर बराच वेळ वाकून पाहत राहिले.

"कड कुठे संपते ते कळतच नाही," ते शेवटी म्हणाले. "फट नाही. कुठेच नाही. इतकं सुबक काम... ते डॉक्टरही लाकडाचं काही करतात का हो?"

"छे! त्यांना कसलाच छंद नाही," सासूबाई तोंड मिटत म्हणाल्या. "खुर्चीत बसायच्या आधी विचारून घेतलं मी."