सलोमी टीचर आणि विसावी जागा

सलोमी टीचरांनी एकदा पाद्रीबाबांनाच मागे सोडून व्हॅन हलवली होती. सहाला तरंगंबाडीला निघायचं होतं. प्रवासाच्या आरंभीची प्रार्थना पाद्रीबाबाच सांगणार होते, आणि ते चर्चच्या मागच्या बाजूला चप्पल शोधत होते. सहा वाजले.

"सोड गाडी," टीचर माझ्या ड्रायव्हरला म्हणाल्या.

"आणि प्रार्थना?"

"मी सांगते. डोळे मिट."

"टीचर, मी गाडी चालवतोय!"

"मग उघडे ठेवून म्हण."

पाद्रीबाबा मागून दोन बस बदलून तरंगंबाडीला पोचले आणि वर टीचरांचीच माफी मागितली. त्यांनाही शाळेत भूगोल टीचरांनीच शिकवला होता.

मलाही. आणि माझं मन पाद्रीबाबांइतकं मोठं नाही. सातवीत असताना आमची सहल पूम्पुहारला निघाली होती. मी पहाटे पेपर टाकायचो. ते संपवून धावत शाळेत पोचलो तेव्हा तीन मिनिटं उशीर झाला होता. बस फाटकातून बाहेर पडत होती. टीचरांनी खिडकीतून मला बघितलं. नीट बघितलं, आणि ड्रायव्हरला खूण केली, चल. पूम्पुहारचा समुद्र मी पुढे गिऱ्हाईकं घेऊन पन्नासदा पाहिला असेल, पण त्या दिवशीचा राहिला तो राहिलाच.

आज तंजावुरात माझी स्वतःची ट्रॅव्हल्स आहे. एके काळी दुसऱ्याच्या व्हॅन धुवायचो, आता स्वतःच्या तीन आहेत. काशी, रामेश्वर, शिर्डी, सगळीकडे माणसं नेतो. माझ्या घासाघिशीला हॉटेलवाले घाबरतात आणि माझ्या रागाला घरचे. तर दोन वर्षांपूर्वी टीचर माझ्या ऑफिसात आल्या आणि समोरच्या खुर्चीवर हातरुमाल झटकून बसल्या.

"काय रे रावजी, जेरुसलेमला नेशील?"

तंजावुरात आम्हा मराठी माणसांना सगळे रावजीच म्हणतात. टीचरांशी बोलणं अर्थातच तमिळमध्ये. तुम्हाला मराठीत सांगतोय.

त्यांच्या चर्चमधली वीस माणसं होती. वीस असली तरच विमानात गटाचा भाव मिळतो. मी चेन्नईच्या एजंटाशी भांडून कार्यक्रम आखला. टीचरांनी तो घरी नेला आणि लाल शाईनं तपासून परत आणला. "नाझरेथहून कफर्णहूमला अर्धा तास लिहिलायस. वाटेत मोठा उतार आहे. म्हाताऱ्या माणसांची गाडी सावकाश जाते. एक तास कर." ही बाई आयुष्यात चेन्नईच्या पलीकडे गेलेली नाही. पण मी एजंटाला विचारलं तर तो म्हणाला, बरोबर आहे, तासच लागतो.

मग सराव सुरू झाले. दर रविवारी उपासना संपली की सगळी माणसं टीचरांच्या ओट्यावर. टीचर टेबल मांडून इमिग्रेशनच्या साहेब होऊन बसायच्या आणि एकेकाला पुढे बोलवायच्या. आमचे जयराज, निवृत्त पोस्टमन, हमखास नापास.

"किती दिवस राहणार?"

"प्रभूची इच्छा असेल तोवर."

"अय्यो, आत टाकतील तुम्हाला! दहा दिवस म्हणा. मुक्काम कुठं?"

"प्रभूच्या चरणी."

"मागे जा! रांगेत शेवटी उभे राहा!"

चढाचा सराव म्हणून चर्चच्या मनोऱ्याच्या पायऱ्या. सामानाचा सराव म्हणून सुटकेस ओढत भाजीबाजार. जॉर्डन नदीचं पाणी आणायला प्रत्येकी एकच बाटली, त्यावरून बायकांचं रुसणं. आमच्या लोकांचं गंगाजलावरून हेच चालतं, त्यामुळे मला नवल वाटलं नाही. उशिरा येणाऱ्याला मात्र फाटक बंद. "विमान थांबेल का तुझ्यासाठी?" त्यांचं हे वाक्य ऐकलं की मला पूम्पुहारची बस आठवायची.

गंमत पुढे आहे. सीटा धरून ठेवायच्या, एकोणीस पासपोर्ट माझ्या कपाटात यायचे, आणि विसावा यायचाच नाही. यादीत शेवटचं नाव होतं, 'एस्तर, पापनाशम'. विचारलं की टीचर म्हणायच्या, "येईल." मुदत संपायची, सीटा सुटायच्या, चेन्नईचा एजंट मला शिव्या द्यायचा. असं दोनदा झालं. जयराजचा मेहुणा पासपोर्ट घेऊन हजर होता, यायला एका पायावर तयार होता. टीचरांनी त्याला घेतलं नाही. यंदा तिसऱ्यांदा तेच व्हायची लक्षणं दिसली आणि माझं डोकं सणकलं. रविवारी सराव संपवून माणसं पांगल्यावर मी त्यांच्या ओट्यावर गेलो.

"टीचर, ही एस्तर कोण? आहे तरी का जिवंत?"

त्या खुर्च्या एकात एक घालत होत्या. "माझी बहीण आहे. धाकटी."

"मग तिचा पासपोर्ट?"

"मला काय माहीत?"

"विचारलंत का?"

"दरवर्षी यादी पोस्टानं पाठवते."

"पापनाशम पाऊण तासावर आहे! पोस्टानं काय? फोन करा, जा!"

"सव्वीस वर्षं बोललो नाही आम्ही."

मी खुर्ची ओढून बसलो. टीचर उभ्याच राहिल्या. तोंडी परीक्षेला मुलं उभी राहतात तशा.

आई गेली तेव्हा एस्तर चेन्नईत होती. निरोप मिळताच निघाली. दफन चारला ठरलं होतं. तिनं वाटेतून शेजाऱ्यांकडे फोन केला, विक्रवांडीला बस बिघडली आहे, थांबा. सगळे म्हणाले, थांबू या. "मी म्हटलं, चार म्हणजे चार." एस्तर पावणेसहाला पोचली. तोवर माती सारखी करून वर फुलंसुद्धा ठेवून झाली होती. ती घरात आली नाही, पाणीही प्यायली नाही, तशीच परत गेली.

टीचरांनी आतून बायबल आणलं आणि शेवटचं पान उघडलं. त्यावर पवित्र भूमीचा नकाशा होता. गालीलच्या सरोवरावर एक पिवळट डाग. "वडील रात्री आम्हाला हा दाखवायचे. एस्तरची तेल लावून वेणी घातलेली असायची, बोट तेलकट. त्याच बोटानं हात लावायची. म्हणायची, अक्का, आपण दोघी इथं पाण्यात पाय सोडून बसायचं." त्यांनी डागावर बोट ठेवलं नाही, शेजारी ठेवलं. "एकटीनं जाऊन मी काय बघू तिथं?"

दुसऱ्या दिवशी मी पापनाशमला गेलो. टीचरांना न सांगता. एस्तरबाईंनी आधी कॉफी दिली, मग ऐकून घेतलं. मी माझं सगळं कसब लावलं. खिडकीची सीट देतो, खालच्या मजल्यावरची खोली देतो, चालायला लागू नये म्हणून चाकांची खुर्ची देतो.

"याद्या मिळाल्या मला. तिन्ही," त्या म्हणाल्या. "मी विसावी."

"मग उत्तर का नाही दिलंत?"

"यादीला काय उत्तर देतात, रावजी? अक्का अजून हजेरीच घेतेय."

"तुम्हाला हवं तरी काय? बोला, मी करून देतो."

"तिनं इथं यावं. बाकी काही नको."

मी उठलो. तेवढ्यात त्यांनी कपाटातून साडीच्या घडीत ठेवलेला पासपोर्ट काढून मला लांबूनच दाखवला. पहिली यादी आली त्याच वर्षी काढलेला. मी हात पुढे केला, तर परत घडीत गेला. "तिच्या हातात देईन."

पासपोर्टचं मी टीचरांना सांगितलं नाही. समोरच्याला सगळे पत्ते दाखवायचे नसतात. एवढंच सांगितलं, "तुम्ही यावं म्हणतायत. उद्याच जा." टीचर आत निघून गेल्या. मला वाटलं, सौदा फसला.

सकाळी जुन्या बसस्टँडवरून जात होतो. टीचर बाकावर बसल्या होत्या. कडक इस्त्रीची साडी, मांडीवर पिशवी, पिशवीतून बायबलचा कोपरा दिसत होता. कुंभकोणमची बस लागली. ती पापनाशमवरूनच जाते. टीचर उठल्या नाहीत. बस गेली. मी स्कूटर लावून शेजारी जाऊन बसलो.

"गर्दी होती," त्या म्हणाल्या. अर्धी बस रिकामी होती.

दुसरी आली, गेली. "ही फार ठिकाणी उभी राहते."

तिसरी आली. त्यांनी पिशवीचे बंद घट्ट धरले. "रावजी, तिनं दार उघडलं की पहिलं वाक्य काय बोलायचं रे?"

ज्याचं उत्तर त्यांना स्वतःला येत नाही असा प्रश्न त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा मला विचारला होता. मी त्यांच्या हातातली पिशवी घेतली, बसमध्ये चढलो आणि कंडक्टरला म्हटलं, "दोन पापनाशम." मागे वळून पाहिलं नाही. थोड्या वेळानं पायरीवर पाऊल वाजलं.