मारुतीअण्णांचे तीन डबे

आमच्या शेजारचे मारुतीअण्णा रोज सकाळी चहाच्या आधी घरातल्या यंत्रांची हजेरी घेतात. लेंगा-बनियनमध्ये ओट्यावर उभं राहायचं, मोबाईल हातभर लांब धरायचा आणि यादी मोठ्यानं वाचायची. टीव्ही हाय. दारावरचा कॅमेरा हाय. पाण्याची मोटार हाय. वरच्या खोलीतला बल्ब... बल्ब न्हाय. मग बल्ब लाईनवर येईपर्यंत त्या घरात चहा होत नाही. मी शाळेत शिकवते. पण माझ्या वर्गातली मुलं मारत नाहीत एवढ्या दांड्या अण्णांचा बल्ब मारतो.

अण्णांनी सगळी नोकरी यंत्रमागाच्या कारखान्यात जॉबर म्हणून केली. जॉबर म्हणजे बिघडलेला माग चालू करून देणारा माणूस. निवृत्त झाल्यावर वर्षभर ते नुसते हात चोळत बसले होते. घरातल्या पंख्यांना तेल घालून झालं, गल्लीतल्या सगळ्या फाटकांच्या बिजागऱ्या झाल्या. मग पुण्याहून त्यांच्या मुलीनं, सुरेखानं, कुरिअरनं एक खोकं पाठवलं.

त्यांचं होटगी रोडचं घर अरुंद आणि लांबलचक आहे. पुढं हॉल, मध्ये स्वयंपाकघर, मागं लिंबाचं झाड असलेलं परसू, आणि वर एक खोली. वायफाय हॉलपुरतंच यायचं. सुरेखाचा व्हिडिओ कॉल आला आणि तिची आई, सोनाकाकू, बोलत बोलत स्वयंपाकघरात गेल्या की त्यांचा चेहरा तोंड उघडं ठेवून थिजायचा. म्हणून सुरेखानं तीन डब्यांचा संच पाठवला. एकानं दुसऱ्याला नेटवर्क द्यायचं, दुसऱ्यानं तिसऱ्याला, म्हणजे घरभर एकच जाळं. अण्णांनी त्याच दिवशी बारसं केलं. हॉलमधला थोरला, स्वयंपाकघरातला मधला, आणि परसाच्या खिडकीतला धाकटा.

त्या दिवसापासून अण्णांना बसलेलं कुणी पाहिलं नाही.

ते जेवताना उठायचे. दाढी अर्धी सोडून उठायचे. काही बंद पडलं की "धागा कुटं तुटला?" म्हणत निघायचे. माग बरा, असं त्यांचं म्हणणं. धागा तुटला की माग आपसूक थांबतो, माणसाला कळतं. हे मात्र धागा तुटला तरी पडद्यावर गोल गोल फिरत बसतं आणि काही बोलत नाही. मधला डबा फ्रीजच्या मागं होता तेव्हा वरचा बल्ब जायचा. फ्रीजवर ठेवला तर मोटार जायची. मग त्यांनी तो खिडकीला सुतळीनं टांगला. वायफायच्या लहरी पाच आणि साधारण अडीच गिगाहर्ट्झ अशा दोन प्रकारच्या असतात हे कळल्यावर तर त्यांनी मला फाटकात अडवून समजावून सांगितलं, की पाचाची लहर जोरात पळती पर भिंतीला लई भिती, आणि अडीचाची सावकाश चालती पर भिंतीतनं आरपार जाती. मोटारीला अडीचाचीच पायजे. मला शाळेला उशीर झाला होता.

आमच्याकडं सत्यनारायण होता तेव्हा तीर्थप्रसाद घेऊन सगळे गप्पा मारत होते आणि अण्णा आमच्या सोफ्याखाली अर्धे आत गेले होते. आमचा राऊटर जमिनीवर ठेवलाय, तो बिचारा फरशीलाच नेटवर्क देतोय, असं त्यांनी आतूनच जाहीर केलं. ओळख नसलेल्या पाहुण्यांना ते मेकॅनिक वाटले. एकानं त्यांचा नंबरही मागितला.

दिवाळीनंतर मात्र अण्णांच्या अंगातली चुळबुळ वेगळीच झाली. सगळी यंत्रं हजर असत, तरी ते मोबाईल सोडेनात. त्यांना आता एकाच यंत्राचा ध्यास लागला होता, तो म्हणजे सोनाकाकूंचा मोबाईल. काकू तो गळ्यातल्या कापडी बटव्यात ठेवत. अण्णांची तक्रार अशी, की काकू परसात शेंगा फोडत बसल्या तरी त्यांचा फोन हॉलमधल्या थोरल्यालाच चिकटून राहतो. शेजारी धाकटा बसलाय, तो सोडून एवढ्या लांबच्याला धरून राहतो.

मी विचारलं, की फोन चालतो ना? आवाज येतो ना? मग कुठल्या का डब्यावर असेना.

"चालतंय की बाई," अण्णा म्हणाले, "पर चुकीच्या डब्यावर चालतंय."

मला हसू आलं, ते मी गिळलं. कंपनीच्या मदत केंद्रातल्या मुलीनं त्यांना सांगितलं होतं, की कुठला डबा धरायचा हे फोन स्वतःच ठरवतो. अण्णा तिच्यावर दोन दिवस चिडून होते. फोन ठरवणार म्हणजे काय?

शेवटी एका रविवारी त्यांनी मला बोलावून नेलं, कारण सेटिंग सगळं इंग्रजीत. त्या दिवशी मी काकूंचा फोन हातात धरून हॉल ते परसू अशा किती फेऱ्या मारल्या, देव जाणे. अण्णा हॉलमधून विचारत, आता कुटं हाय? मी सांगे, परसात. ते म्हणत, हितं थोरलाच दाखवतंय. आम्ही नेटवर्क विसरायला लावून पुन्हा जोडलं. तिन्ही डबे बंद करून तीसपर्यंत मोजलं. मग माझ्या लक्षात आलं, की थोरला उंच कपाटावर बसून साऱ्या घरावर पसरलाय. आम्ही त्याला खाली पुढच्या कोपऱ्यात आणला, त्याचा जोर सेटिंगमध्ये कमी केला, आणि फिरत्या यंत्राला जवळच्या डब्याकडं सोपवायचं एक बटण होतं, ते चालू केलं. पुढच्या फेरीला मी लिंबाखाली पोचले आणि आतून काहीच आवाज आला नाही. परत येऊन पाहते तर अण्णा खुर्चीवर बसले होते. पडद्यावर काकूंच्या नावापुढं 'धाकटा' असं दिसत होतं. काकू शेजारी उभ्या राहून मला म्हणाल्या, की तुम्ही सकाळपासून आमच्या घरात कशाला फिरताय? मी ती थट्टाच समजले.

पुढच्या आठवड्यात, दुपारी चारच्या सुमारास मी शाळेतून येऊन स्कूटी लावत होते, तोवर अण्णा अनवाणी फाटकातून बाहेर आले. काकूंचं नाव यादीतून गेलं होतं. बॅटरी संपली असेल, असं मी म्हणाले. त्यांनी मान हलवली आणि मोबाईल माझ्यापुढं धरला. दारावरच्या कॅमेऱ्याच्या थोड्या वेळापूर्वीच्या चित्रणात काकू पिशवी घेऊन फाटकाची कडी काढत होत्या आणि डावीकडं, मोठ्या रस्त्याच्या बाजूला वळत होत्या. अण्णा फोन लावत होते, तिकडं तो वाजत होता, पण कुणी घेत नव्हतं.

मी त्यांना मागं बसवलं. उन्हानं रस्ता तापला होता आणि त्यांचे पाय उघडे होते. जाता जाता माझ्या पाठीमागून ते तुटक तुटक सांगत राहिले. श्रावणापासून काकूंना विसर पडायला लागलाय. आधी मीठ, मग नावं, आता घर. डॉक्टरनं औषध दिलंय, पण हे थांबायचं न्हाय असंही सांगितलंय. दोनदा त्या न सांगता बाहेर गेल्या. सुरेखाला त्यांनी अजून निम्मंच कळवलंय. तिचं म्हणणं, फाटकाला कुलूप लावा.

"माझ्या हातनं कुलूप लागंना बाई," अण्णा म्हणाले. "सारखं मागं मागं फिरलं तर चिडती. म्हनून म्हटलं, ती कुटल्या डब्यापाशी हाय तेवढं कळू दे. हॉलात हाय का परसात. तिला तिच्या घरात मोकळं फिरू दे की."

मला त्या रविवारच्या माझ्या सगळ्या फेऱ्या आठवत होत्या, आणि गिळलेलं हसूसुद्धा.

मोठ्या रस्त्यावरच्या सिटीबसच्या थांब्यावर काकू बसल्या होत्या. केस नीट विंचरलेले, मांडीशेजारी बाकावर पिशवी. बटव्यात फोन वाजत होता आणि त्या शांतपणे समोर पाहत होत्या. मी गाडी थांबवून काही बोलणार, तेवढ्यात अण्णांनी मला हातानं थांबवलं. त्यांनी लावलेला फोन बंद केला, बनियन खाली ओढून सारखं केलं आणि सावकाश चालत जाऊन बाकाशेजारी उभे राहिले. कुठं निघालात, असं त्यांनी विचारलं. काकू म्हणाल्या, करकंबला, आई वाट बघत असंल. करकंब हे काकूंचं माहेर; त्या थांब्यावर तिकडची गाडी कधीच येत नाही.

काकूंनी त्यांच्याकडं वर पाहिलं. कुणी परका पण बरा दिसणारा माणूस असावा, तसं पाहिलं.

"तुमी कुटं निघालाय?"

"मी बी तिकडंच निघालोय," अण्णा म्हणाले.

"मग बसा की. उनात कशाला उबं ऱ्हाताय." काकूंनी पिशवी उचलून मांडीवर घेतली आणि त्यांना बाकावर जागा करून दिली.