अळणी आमटीची वाटी

“शेजारची मूळपेशी हृदय व्हायला तयार झाली, आणि आता तिची खोली...” एवढंच जिन्यात माझ्या कानावर पडलं. मग बोलणाऱ्यांनी दार लावून घेतलं.

ही मूळपेशी माझ्या भिंतीला भिंत लावून राहते. बिल्डिंगमध्ये सगळ्यांच्या पाटीवर नाव आणि काम असतं, हिची पाटी कोरी; ही अजून काहीच झालेली नाही, पण काहीही होऊ शकते. सेक्रेटरी खांबेटेकाकांना ते खटकायचं. त्यात त्यांचं स्वतःचं हृदय थकलेलं.

मी आमटीची वाटी घेऊन गेले. हातात वाटी असली की चौकशी करता येते.

तिच्या घरात भिंतभर पानं लावलेली. हाडाचं, कातडीचं, हृदयाचं. प्रत्येक पानाशी एक नकलनीस, दोन ओळी लिहून पेन उचलून बसलेला. एका बाजूला ‘लिही’ म्हणणारा, दुसऱ्या बाजूला ‘थांब’ म्हणणारा.

“काकांची नोटीस आलीय,” ती म्हणाली. “हृदय व्हा, नाहीतर खोली सोडा.”

“मग व्हा की! माणसाचा जीव वाचेल.”

“मी हृदय झाले की बाकीची पानं कायमची मिटली. उद्या तुमचा गुडघा बसला तर कोणाकडे जाल?”

माझ्या गुडघ्याचं हिला कोणी सांगितलं कोण जाणे.

“आणि नोटिशीनं पान उघडत नाही, ताई. शेजारून निरोप यावा लागतो.” तिनं आमटी चाखली. “मीठ विसरलात?”

“अगंबाई, काकांसाठी काढलेली वाटी आणली वाटतं. त्यांचं मीठ बंद आहे. बिचारे जिन्याच्या दर वळणावर बसतात हो.”

“हा झाला निरोप,” ती वाटी खाली ठेवत म्हणाली. हृदयाच्या पानाशी बसलेला ‘थांब’वाला उठून बाजूला झाला. पेन चालू लागलं.

“पण मी मीच राहणार,” ती ठामपणे म्हणाली.

सकाळी वाटी परत आली. आमच्याकडे शेजारची वाटी रिकामी परत करत नाहीत. झाकण काढलं तर तळाशी चिमूटभर हृदय धडधडत होतं.

“माझ्या दोघी झाल्या,” ती दारातूनच म्हणाली. “एक वाटीत आहे. दुसरी मी.”

मी वाटी काकांकडे नेली. त्यांनी चष्मा लावून आत पाहिलं. “नोटीस अख्ख्या हृदयाची होती.”

“विरजणाला एवढंच लागतं, काका,” मी म्हणाले.

ते काकांच्या हृदयाला लागलं. आता काका कुठेही न बसता चौथा मजला गाठतात. जिन्यातली बातमी अर्धीच खरी निघाली. खोली तिचीच आहे. परवा काका तिच्या दाराशी थांबले.

“पाटीवर काय लिहायचं ठरलं?”

“काही नाही,” आतून आवाज आला.

काकांनी रुमालानं कोऱ्या पाटीवरची धूळ पुसली आणि ते वर गेले.