उडालेला पूल

दोन मित्रराष्ट्रांच्या संयुक्त युद्धसरावात, तिसऱ्या राष्ट्राच्या पोटात गोळा यावा या उदात्त हेतूने, सकाळी नदीवरचा पूल कागदोपत्री उडवण्यात आला. पूल जागचा हलला नाही. कठड्यावरचं कबूतरसुद्धा उडालं नाही. सरावाचा निकाल देणाऱ्या पंचसाहेबांनी मात्र लाल झेंडी लावली, पुलाच्या तोंडाशी खुर्ची टाकली आणि पूल नाहीसा झाला.

सुईणबाई धापा टाकत तिथे पोचली. अख्ख्या गावाची बाळं तिने झेललेली. आज पैलतीरी तिची स्वतःची लेक अडली होती. मूल आडवं आलं होतं.

"मावशी, पूल उडालाय."

"मग तुम्ही बसलात कशावर? ढगावर?"

"पंच युद्धात धरत नाहीत."

"मला तरी कुणी धरलंय, बाबा? बरं, पाण्यातून जाते."

"पाण्यात सुरुंग आहेत. कागदोपत्रीच, पण शिस्त खरी आहे."

पूल दुरुस्त झाल्याचं जाहीर करायला हरकत नव्हती. पण एकाने उडवायचा आणि दुसऱ्याने दुरुस्त करायचा, असा करार होता. दोन्ही सेनापती म्हणत, उडवला आम्हीच! पराक्रमाला दोन धनी, हमालीला एकही नाही. दोघे कॅमेऱ्यांपुढे एकमेकांना कडकडून मिठ्या मारत होते आणि मिठीतल्या मिठीत एकमेकांची मानगूट चाचपत होते.

पाण्यावरून लेकीची हाक येतेय असं सुईणबाईला वाटे. सरावातलं डोक्यावरून जाणारं प्रत्येक विमान ती हाक कळीसारखी खुडून नेई. ती टाचा उंचावून पैलतीर न्याहाळू लागली.

"ओ मावशी, खाली बसा की! विमानं दिसत नाहीत!" मागून सराव बघायला जमलेली गर्दी ओरडली.

ती बसली नाही. पदर खोचला आणि झेंडी ओलांडून धावत सुटली. पुलाच्या मध्यावर एका सैन्याने तिचा डावा दंड धरला, दुसऱ्याने उजवा. दोन्ही सैन्यांनी खरोखर मिळून पार पाडलेली ही एकमेव कामगिरी.

उन्हं उतरली तशी शिट्टी झाली. सराव यशस्वी! मैदानात मरून पडलेले जवान उठले, कपडे झटकले, चहाला गेले. पूलही परत आला. सुईणबाईला सन्मानाने सोडण्यात आलं.

पैलतीरी लेक उठली नाही. बाळही रडलं नाही.

आणि रडलं असतं, तरी ऐकू कुणाला येणार होतं? विमानांची शेवटची फेरी चालली होती, आणि आपण सगळे हात लाल होईस्तोवर टाळ्या वाजवत होतो.