कानाच्या डॉक्टरांचं तिसरं पिकअप

कानाच्या डॉक्टरांनी गिटारला तिसरं पिकअप बसवलं, तोवर त्यांच्या बायकोने काही विचारायचंच सोडून दिलं होतं. पिकअप म्हणजे तारांखालचं लोहचुंबक आणि त्याभोवती केसाएवढ्या तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. तारांची थरथर स्पीकरपर्यंत पोचवायची, एवढंच त्याचं काम. पण जॅझला आवाज उबदार लागतो, आणि गिटारबरोबर आलेलं मूळ पिकअप डॉक्टरांना गोणपाटात गुंडाळल्यासारखं वाटे. दुसरं आणलं, तेही तसंच. तिसरं मात्र दुकानदाराने नाइलाजाने काढून दिलं.

"डॉक्टर, हे रॉकवाले नेतात."

डॉक्टरांनी ते वाजवून पाहिलं आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. दुकानदाराच्याही आलं, पण त्याचं कारण वेगळं होतं.

दर रविवारी सकाळी दवाखान्याच्या बाहेरच्या खोलीत, पेशंटच्या खुर्च्या भिंतीला सारून, तिघे वाजवायला बसत. गिटारवर डॉक्टर, ड्रमवर त्यांचा मेव्हणा आणि उभ्या बासवर शेजारचे वकील. तीन वर्षांचा नेम होता. आठवड्याचे बाकीचे सहा दिवस डॉक्टर या एका सकाळच्या आशेवर ढकलत. पण दुसरं पिकअप आल्यापासून कुरबुर सुरू झाली होती, आणि आपली पुतणी पियानो उत्तम वाजवते हे वकील हल्ली वारंवार सांगू लागले होते. त्याचा अर्थ न कळण्याइतके डॉक्टर खुळे नव्हते.

त्यांनी नव्या पिकअपवर पहिला सूर छेडला. मेव्हण्याने हातातल्या काड्या खाली ठेवल्या.

"भाऊजी, हे काय लावलंय?"

"उबदार आहे ना?"

"दाढ ठणकली माझी."

"रागावू नका डॉक्टर," वकील म्हणाले, "पण पुतणी पुढच्या रविवारी मोकळी आहे."

डॉक्टरांचं डोकंच फिरलं. वीस वर्षं लोकांचे कान तपासणाऱ्या माणसाला हे आवाज शिकवणार! "दोष तुमच्या कानांत आहे," ते म्हणाले, आणि दोघांना आत नेऊन तपासायच्या खुर्चीत एकेक करून बसवलं. वकिलांचे कान स्वच्छ निघाले. मेव्हण्याचे तर लख्ख होते. डॉक्टरांनी दिवा बदलून पुन्हा पाहिलं, पण मळाचा कण सापडेना.

रविवारीही कपाटं आवरायला आलेल्या सिस्टर दारातून हे सगळं बघत होत्या.

"आता तुम्ही बसा," त्या म्हणाल्या.

"मी कशाला?"

"तीन वर्षं पेशंट तुमच्याशी ओरडून बोलतायत. म्हटलं, आज ना उद्या येईल यांच्या लक्षात."

उजव्या कानातून जे निघालं ते पाहून वकिलांनी तोंड फिरवलं. डाव्यातल्याचा मेव्हण्याने फोटो काढला, बहिणीला पाठवायला.

बाहेर येऊन डॉक्टरांनी एक तार छेडली आणि दचकून हात मागे घेतला. पत्र्यावर खिळा ओढावा तसा आवाज होता. त्यांना मनापासून लाज वाटली. कोणाकडेही न बघता त्यांनी खणातून मूळ पिकअप काढलं, अर्ध्या तासात वायरींना डाग देऊन बसवलं आणि भीत भीत वाजवलं. सूर मऊ, गोलसर निघाला. मेव्हण्याने डोळे मिटले.

"बस, हाच," वकील म्हणाले. "पुतणीला सांगतो, येऊ नकोस म्हणून."

डॉक्टरांचा जीव भांड्यात पडला. तिघांनी मिळून सुरुवात केली, आणि तीन वर्षांत प्रथमच डॉक्टरांना सगळं ऐकू आलं. वकिलांचा बास प्रत्येक सुराच्या जरा खालीच बसत होता. मेव्हणा तालाच्या मागून धावत होता, शिवाय वाजवताना नाकातून गुणगुणत होता. दोघांचे चेहरे मात्र तृप्त होते.

"जमतंय ना, भाऊजी?" मेव्हण्याने विचारलं.

डॉक्टरांनी दोघांकडे पाहिलं. रविवारची सकाळ गेली तर आठवड्यात उरतं काय?

"एक मिनिट," म्हणून ते आत गेले. कापसाच्या बरणीतून दोन बोळे घेऊन त्यांनी ते कानांत नीट बसवले आणि परत येऊन गिटार मांडीवर घेतली.

"आता छान जमतंय," ते म्हणाले, जरा मोठ्यानेच.