रिकामी चक्की

रफिकभाई रिकामी चक्की चालवतात. दळण नाही, दाणा नाही, गिऱ्हाईक नुसतं दारात उभं राहिलं तरी आधी बटण दाबतात. पट्टा घरघरायला लागला की मग विचारतात, "हं, बोला!" आता त्या आवाजात काय बोलणार, कपाळ? रिसोडच्या आमच्या गल्लीत सगळ्यांचे घसे मोठे झालेत ते यांच्या कृपेनं.

कारण साधं आहे. रफिकभाईंची मान अचानक डाव्या खांद्याकडे झटका खाते आणि तोंडून निघतं, "हुप्!" लहानपणापासून. शाळेत गुरुजींनी छड्या मारून पाहिल्या, घरच्यांनी दर्ग्याचे दोरे बांधले. शेवटी अकोल्याच्या डॉक्टरनं सांगितलं, हा मेंदूचा आजार आहे, यांच्या हातात नाही, अडवू नका. रफिकभाईंना ते कधीचंच ठाऊक होतं. "शिंक कशी येते भाऊ? तसंच हाये हे. दाबलं का दुप्पट येते," ते मला ओरडून सांगत.

लोकांना मात्र नकलाच सुचायच्या. म्हणून त्यांनी चक्की टाकली. पट्टा फिरत असला की हुप् कोणाला ऐकू जात नाही. नमाजसुद्धा ते चक्कीतच पढतात. मशिदीतल्या शांततेची त्यांना धास्ती वाटते. माझी बायको तर पंख्याकडे न बघता सांगते, "रफिकभाई वराडले. गेली वाटते लाइन."

मुलगी नसरीन त्यांनी आईविना वाढवली. पहिलं स्थळ आलं, चहा आला, हुप् आला, आणि "रक्तातच असंल" म्हणत पाहुणे उठून गेले. दुसऱ्या वेळी रफिकभाई शहाणे झाले. वाशीमच्या व्याह्यांना त्यांनी थेट चक्कीत बसवलं, पट्टा चालू ठेवून. सारी बोलणी ओरडून झाली. व्याही अर्धे बहिरे होऊन पण खूश होऊन गेले. "मानूस मेहनती हाये," म्हणाले. आम्ही पोट धरून हसलो.

निकाहाच्या दिवशी ते हसू आटलं. मांडव चक्कीसमोरच होता, पण रफिकभाई त्यात आलेच नाहीत. "मी चक्कीतच बसतो. पट्टा चालू हाये तोवर समजा, पोरीचा बाप हजर हाये."

"पोरीचं लगन हाये, दळन नाही!" मी चिडून म्हणालो. पण हे स्थळही मोडलं तर, ही त्यांची भीती मला कळत होती.

दुपारी नसरीनचे मामा साक्षीदारांना घेऊन तिची कबुली विचारायला घरात गेले. माझी बायको तिच्याजवळच बसली होती. सगळे चिडीचूप. आणि लाइन गेली.

चक्की थांबली. "हुप्!" मग पुन्हा. मग हुप् आणि रडणं एकात एक. मांडवातल्या साऱ्या माना वळल्या.

आत नसरीननं घुंगट वर केला. "अब्बा को बुलाव. फिर पूछो."

बाहेर व्याह्यांनी विचारलं, कोण ते? कोणीतरी सांगितलं. ते म्हणाले, "मंग बोलवा न त्यायले!"

मी धावलो. रफिकभाई पोत्यावर बसले होते, तोंडात गमछा कोंबून. ओठ फुटला होता.

गमछा काढून त्यांनी विचारलं, "हो म्हनली का?"

"तुमच्याबिगर म्हनत नाही. व्याहीच बोलावून राह्यले तुमाले. चाला."

"त्यायनं आयकलं?"

"आयकलं. काही म्हनले नाही."

ते उठले, उंबऱ्यापर्यंत आले. मान झटकली, हुप्. पुन्हा हुप्. जितकं सावरायला जात, तितकं वाढत होतं. समोर मांडवभर माणसं त्यांच्यासाठीच गप्प उभी होती. त्या गप्पपणाला भिऊन ते मागं सरले. तेवढ्यात लाइन आली.

"पोरीले सांगा, अब्बा इथंच हाये," ते म्हणाले आणि बटण दाबलं.

मी काहीतरी बोललो. माझं मलाच ऐकू आलं नाही.

बायकोनं नंतर सांगितलं, चक्की सुरू झाली तशी नसरीन थोडा वेळ ऐकत राहिली. मग घुंगट खाली ओढून हो म्हणाली.

तेव्हा रफिकभाई मांडवाकडे कान लावून उभे होते. त्या घरघरीत त्यांना काहीच ऐकू येणार नव्हतं.